पुरे आणि पूरे

अण्णांनी जेवणाऱ्या माणसाला 'हवं का?' असं कधी विचारलं नाही. ते सरळ वाढायचे. भाताचा डाव ताटात रिकामा झाला की मग आपल्याला कळायचं, आपल्याला अजून भूक होती म्हणे. "हवं का विचारणं म्हणजे समोरच्याला नको म्हणायला शिकवणं," असं ते म्हणत आणि म्हणता म्हणता आणखी एक डाव पडलेला असे. ताटावर हात आडवा धरायची आपली जुनी रीत त्यांच्यापुढे फुकट होती. ते गप्पा मारत शेजारी उभे राहायचे आणि तुमचा हात पाण्याच्या भांड्याकडे गेला की तेवढ्यात काम उरकायचे. माझ्या नवऱ्याने एकदा दोन्ही हात आडवे धरले होते, तर अण्णांनी त्याच्या हातावरच जिलबी ठेवली.

ते दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, मूळचे कऱ्हाडचे. मुनिरक्याच्या अलीकडच्या सरकारी वसाहतीत आमची क्वार्टर्स एकाच जिन्यावर होती. ते तळमजल्यावर, आम्ही पहिल्या आणि मिरजेचे इनामदार दुसऱ्या. समोरच्या ब्लॉकमध्ये कौर आंटी. शनिवारी आम्हा सगळ्यांनाच सुटी असायची, त्यामुळे दर शनिवारी दुपारचं जेवण पाळीपाळीने एकाच्या घरी व्हायचं. स्वयंपाक ज्याच्या घरी त्याचा, वाढणं मात्र कायम अण्णांचं. दिल्लीत वाढलेल्या माझ्या मुलाला 'वाढपी' हा शब्द ठाऊक नव्हता. तो त्यांना वडापीकाका म्हणायचा आणि हे काका वडे झकास करत असणार अशी त्याची बरीच वर्षं समजूत होती. अण्णांना साधा चहा करता येत नव्हता.

"पहिली पोळी भुकेची, दुसरी चवीची आणि तिसरी माझी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ही तिसरी पोळी कुणालाच चुकली नाही. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. शनिवारी रात्री मी नवऱ्याला म्हणायची, हा माणूस प्रेमाने मारणार आहे आपल्याला. आणि तरी ज्या शनिवारी अण्णा दौऱ्यावर असत त्या दिवशी सगळे आपापलं वाढून घ्यायचे, पोटभर जेवायचे आणि जेवण झाल्यासारखंच वाटायचं नाही.

सुमनताई, म्हणजे त्यांची बायको, कऱ्हाडहून पहिल्यांदा दिल्लीला आल्या तेव्हाची एक गोष्ट आमच्या जिन्यावर अजून सांगतात. कौर आंटींकडे जेवण होतं, राजमा-चावल. आंटी वाढत होत्या आणि सुमनताई घाईघाईने म्हणत होत्या, "पुरे, पुरे." आता मराठीत पुरे म्हणजे बस झालं आणि हिंदीत पूरे म्हणजे सगळेच्या सगळे. आंटींनी कौतुकाने पातेलंच उपडं केलं. ताई जितक्या काकुळतीला येऊन पुरे म्हणाल्या तितका राजमा येत गेला. पाहुणीने मागून घेतलं म्हणून आंटी खूश आणि यजमानीणबाईंचा मान मोडायचा नाही म्हणून ताईंनी तो डोंगर संपवला. अण्णा समोर बसून हे सगळं बघत होते. त्यांना दोन्ही भाषा येत होत्या, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. घरी जाऊन ताई भांडल्या तर म्हणाले, "इतकी चांगली चूक कोण दुरुस्त करतं?"

मग अण्णांच्या किडन्या गेल्या. दोन-तीन वर्षं हळूहळू जात होत्या आणि एका पावसाळ्यात एकदमच गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस सुरू झालं. अण्णा त्याला मशीन म्हणायचे. शुक्रवारच्या मशीननंतर शनिवारी अंगात जरा तरतरी असायची म्हणून शनिवारचं जेवण आम्ही मोडलं नाही. मोडू नका असं त्यांनीच बजावलं होतं. पण आता त्यांच्या ताटात काय, तर दोनदा पाणी बदलून उकडलेली भाजी, बिनमिठाचा भात आणि दिवसभराच्या पाण्याचं एक छोटं भांडं, ते पुरवून पुरवून प्यायचं. स्वतःचं जेवण ते पाच मिनिटांत संपवायचे आणि डाव हातात घेऊन उभे राहायचे. पाय सुजलेले असत तरी बसायचे नाहीत. "ताट रिकामं दिसलं की माणूस उठून गेल्यासारखं वाटतं मला," असं एकदा म्हणाले होते.

किडनी द्यायला सुमनताई पहिल्या दिवसापासून तयार होत्या. थोरल्या मुलीचा रक्तगट जुळत नव्हता आणि धाकटीचं नाव निघालं की अण्णा उठून बाहेर जायचे. सरकारी यादीत नाव घातलेलं होतं, पण तिथे नंबर कधी लागेल हे कुणी सांगू शकत नव्हतं. ताईंचं सगळं जुळलं. अडलं ते वजनापाशी. अठ्ठ्याहत्तर किलो होत्या त्या. डॉक्टर म्हणाले, एवढ्या वजनावर ऑपरेशन केलं तर तुम्हालाच धोका, आधी एकोणसत्तरवर या, मग तारीख देतो. म्हणजे नऊ किलो. नऊ किलो उतरले की अण्णांची मशीन सुटणार, इतकी सरळ गोष्ट होती.

ताई कामाला लागल्या. रोज सकाळी मुनिरक्याच्या बाजारापर्यंत चालत जाऊन परत, संध्याकाळी वसाहतीच्या बागेला आठ फेऱ्या. साखर बंद, भात बंद, रात्री नुसतं मुगाचं कढण. शनिवारी जेवायला यायच्या आधी घरी वाडगाभर कोशिंबीर खाऊन यायच्या, म्हणजे भूक मेलेली बरी. पहिल्या दोन महिन्यांत तीन किलो उतरले. त्यांनी नको म्हटलेलं वाया कशाला घालवायचं म्हणून मी खायची, त्यामुळे तेवढ्याच दिवसांत मी दोन किलो चढले. जिन्याचं एकूण वजन फारसं बदललं नाही.

आणि मग आम्हा सगळ्यांना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट सुरू झाली. अण्णा ताईंच्याच मागे लागले. पूर्वी ते सगळ्यांना सारखं वाढायचे. आता डाव घेऊन निघाले की इनामदारांना ओलांडून, मला ओलांडून सरळ ताईंच्या ताटापाशी. श्रीखंड, साबुदाण्याचे वडे, इनामदारभाभींच्या हातची बिर्याणी, जे असेल ते. ताई ताट बाजूला ओढायच्या. त्यांनी अण्णांपासून लांब, पार दाराजवळ बसून पाहिलं. अण्णा सुजलेल्या पायांनी तिथपर्यंत जायचे.

"अहो, पुरे. डॉक्टर काय म्हणाले आठवतं ना?" ताई म्हणायच्या.

"आंटी, सुना आपने? पूरे बोल रही है," असं म्हणून अण्णा कौर आंटींकडे बघून हसायचे आणि वाढायचे.

आंटींना एव्हाना पुरेचा मराठी अर्थ चांगला कळत होता. त्या बिचाऱ्या एकदा ताईंकडे आणि एकदा अण्णांकडे बघत राहायच्या. खाली उतरताना मला म्हणाल्या, "रेखा, ये भाईसाब कर क्या रहे हैं? मेरी तो समझ से बाहर है." माझ्याही समजेच्या बाहेर होतं. नवरा म्हणाला, आजारी माणूस आहे, सवय आहे, एवढं काय त्यात. इनामदार म्हणाले, स्वतः खाऊ शकत नाही, तर बायकोला खाताना बघून समाधान मानतो. मला हे पटलं. मी चार जणांना सांगितलंसुद्धा, बघा, याला प्रेम म्हणतात. दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टींचा अर्थ लावायला मला नेहमीच फार कमी वेळ लागतो.

जानेवारीत एका रविवारी आम्ही पानिपतला गेलो. दिल्लीतली मराठी मंडळी त्या दिवसांत काला अंबला, तिथल्या लढाईच्या स्मारकाला, जातातच. आमच्या वसाहतीतून मिनी बस केली होती. कोवळं ऊन पडलं होतं, बायका तिळगूळ वाटत होत्या, मुलं स्तंभासमोर फोटो काढत होती. अण्णांना फार चालवत नव्हतं म्हणून ते एका बाकावर बसले होते आणि मी त्यांच्या सोबतीला. ताई लांब मैदानाला फेऱ्या मारत होत्या. तिथेही त्यांनी चालणं सोडलं नव्हतं.

"वहिनी, एक काम होतं तुमच्याकडे," अण्णा म्हणाले. "बिल्कुल सोपं. येत्या शनिवारी जेवण तुमच्याकडे ना? पुरणपोळ्या करा. सुमनला तुमच्या हातची पोळी नाकारवत नाही. तिला तुम्ही वाढा, मी वाढलं की ती सावध होते. तीन वाढा."

मी म्हटलं, "अण्णा, त्यांना वजन कमी करायचंय."

"म्हणूनच," ते म्हणाले.

मला काही सुधरेना. ते समोर फेऱ्या मारणाऱ्या ताईंकडे बघत होते. मग सावकाश म्हणाले, "दोन मुली आहेत, वहिनी. घरात एक रोगी बस झाला. तिला टेबलावर घ्यायचं, धडधाकट बाईला उभं चिरायचं, आणि का, तर मी तिसरी पोळी खाऊ शकेन म्हणून? यादीत नाव आहे माझं. लागेल नंबर. नाही लागला तर नाही लागला. पण हे तोंडाने म्हटलं तर ती ऐकणार नाही. दोन दिवस रडेल आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाऊन बसेल. नको म्हणणाऱ्याला कसं वश करायचं ते मला येतं. तेवढं एकच येतं."

मी जन्मात कधी इतकी गोंधळले नव्हते. कारण आदल्याच आठवड्यात सुमनताईंनी माझा हात धरून सांगितलं होतं, "रेखा, तू तरी माझ्या ताटात कमी वाढ. त्र्याहत्तरवर आलेय. अजून चार, बस." त्यांना मी हो म्हटलं होतं. आणि काला अंबच्या त्या बाकावर अण्णांनाही मी हो म्हटलं. दोघांना हो म्हणून मोकळी झाले आणि बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

तो आठवडा मी नुसती घुसमटत काढला. ऑफिसात फाइल उघडायची आणि ताईंचं ताट डोळ्यांसमोर यायचं. अण्णांचं खरं मानावं तर ताईंना फसवायचं, ताईंचं मानावं तर अण्णांचा शब्द मोडायचा. ताईंना सगळं सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. पण सांगणार काय? तुमचा नवरा तुम्हाला वाचवायला बघतोय, सांभाळून राहा? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तू मध्ये पडू नकोस. मध्ये तर मी पडलेच होते, पुरण शिजत होतं.

शनिवारी मी ताईंना तीन पुरणपोळ्या वाढल्या. तूप घातलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि निमूट खाल्लं. अण्णा त्या दिवशी बसले. खरंच बसले, भिंतीला टेकून, पाय लांब करून. कितीतरी महिन्यांनी ते इतके हसले. कऱ्हाडच्या बाजारातल्या एका म्हशीची गोष्ट त्यांनी साभिनय सांगितली, इनामदारांना ठसका लागेपर्यंत. मला वाटलं, केलं ते बरंच झालं. रात्री वाटलं, फार वाईट केलं. रविवारी सकाळी पुन्हा बरं वाटलं.

एकदा झालं की दुसऱ्यांदा सोपं जातं. पुढचे चार शनिवार, जेवण कुणाकडेही असो, मी काहीतरी गोड करून न्यायची आणि ताईंना वाढायची. फेब्रुवारीच्या शेवटी हॉस्पिटलात वजन केलं तेव्हा काटा एकाहत्तरवर होता. दोन किलो राहिले. पुढच्या महिन्यात या, असं डॉक्टर म्हणाले. तीन पुरणपोळ्यांनी दोन किलो वाढत नाहीत, एवढं मलाही कळतं. माणसाचं शरीर म्हणजे काही पिठाचा डबा नव्हे. तरीही ताईंनी जिन्यात थांबून एकाहत्तर सांगितलं तेव्हा मी जिन्याच्या कठड्याकडे बघत होते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, मशीनवर जायच्या सकाळी, बूट घालता घालता अण्णा खुर्चीवरून कलले. हृदय बंद पडलं. असं होतं म्हणे या आजारात. मी वरून धावत खाली आले तेव्हा एक बूट पायात होता आणि ताई दुसरा हातात धरून बसल्या होत्या.

त्यानंतरचे शनिवार आम्ही जेवायला जमलोच नाही. कुणी तसं ठरवलं नाही. पहिल्या शनिवारी कौर आंटींनी फोन करून विचारलं, कुछ करना है क्या, आणि मी म्हटलं, पता नहीं आंटी. अण्णांचा मला त्या दिवसांत भयंकर राग आला होता. ज्याच्यासाठी एवढी माणसं जीव टाकत होती त्याने स्वतःचं दार स्वतःच बंद करून घ्यावं आणि कडी लावायला मला बोलवावं? मग वाटायचं, त्यांनी त्यांच्या बायकोला वाचवलंच की. आज ताई धडधाकट आहेत, मुलींना आई आहे. ते हरले म्हणावं का जिंकले, हे मला अजून कळलेलं नाही. असं प्रेम करू नये असं एका मनाला वाटतं. दुसरं मन म्हणतं, असं प्रेम आपल्यावर कुणी केलंय?

धाकटीची बारावीची परीक्षा झाली, निकाल लागला आणि सुमनताईंनी क्वार्टर सोडायचं ठरवलं. थोरली मुलगी पुण्यात नोकरीला होती, तिच्याकडे जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. घरभर खोकी होती. त्या एका खोक्यावर बसल्या आणि मी दुसऱ्या. त्यांचे दंड अगदी बारीक दिसत होते, बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. पानिपतचा बाक, तीन पोळ्या, पाच शनिवार, सगळं. सांगताना रडले. मी तशी रडणारी बाई नाही.

ताई म्हणाल्या, "मला माहीत होतं, रेखा."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी कळलं. पानिपतहून येताना बसमध्ये ते गाणी म्हणत होते आणि तू खिडकीबाहेर बघत होतीस. तुम्ही दोघांनी काहीतरी शिजवलंय हे कुणालाही कळलं असतं."

"मग खाल्लंत कशाला ताई? नको म्हणायचं."

"शनिवारी ते हसायचे गं," त्या म्हणाल्या. "बाकीचे सहा दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, तुम्हाला कुठे दिसत होतं? म्हटलं, शनिवार त्यांचा. त्यांना वाटू दे आपण जिंकतोय म्हणून. बाकीचे सहा दिवस माझे. सोमवारी मी आठाच्या दहा फेऱ्या मारायची. हळूहळू उतरतच होतं ना वजन." त्यांनी वर सरकलेल्या बांगड्या मनगटाकडे ओढल्या. "मला वाटलं होतं, वेळ आहे."

बाहेर भाजीवाला ओरडत होता. ताईंनी मांडीवरचा धागा उचलून टाकला आणि म्हणाल्या, "तेराव्यानंतर चार दिवसांनी मी हॉस्पिटलात गेले होते, त्यांचे कागद आणायला. कॉरिडॉरमध्ये ती वजन करणारी सिस्टर भेटली, केरळची, ती हसरी. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. म्हणाली, आइए आंटी, चढिए. मला नाही म्हणता आलं नाही. चढले."

"किती भरलं?"

"साडेअडुसष्ट," ताई म्हणाल्या. "तिने टाळी वाजवली. बधाई हो आंटी, हो गया आपका, अब तो डॉक्टर साब डेट दे देंगे. मी तिला काही सांगितलं नाही, रेखा. इतकी खूश झाली होती ती."